पाच चेहऱ्यांची भिंत

१९८३ साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी, सहकारी सोसायटीच्या गोदामासमोर सभा झाली. वर्गणी जमली होती चारशे पंधरा रुपये. हजर होते सरपंच, सोसायटीचे सचिव, युवक मंडळाची चौदा मुलं, दोन मुली, आणि मंडळाचा खजिनदार म्हणून मी. आमचं गाव नाचणगावच्या पलीकडे, रस्त्याला लागून. गोदामाची लांब भिंत त्याच रस्त्याकडे होती. मुलांचं म्हणणं असं, की तिच्यावर गावासाठी झटलेल्या पाच जणांचे चेहरे काढायचे. पेंटर पुलगावहून येईल, रेघा तो मारेल, रंग मुलं भरतील.

चार नावांवर वाद झाला नाही. बेचाळीसला तुरुंगात गेलेले एक, लिंबाखाली शाळा सुरू करणारे गुरुजी, शाळेला जमीन देणारे शेतकरी आणि गावचे पहिले सरपंच. चौघंही हयात नव्हते.

पाचवं नाव मुलींनी घेतलं. बौद्धपुऱ्यातली एक आजी. जिल्ह्यात दारूबंदी आली त्याच्याही आधी या बाईने बाया गोळा करून नाल्याकाठच्या भट्टीची मडकी फोडली होती. पुढे कापूस वेचणीचा भाव वाढवून मिळावा म्हणून तिनेच बायांना काम थांबवून बांधावर बसवलं. सभेतल्या निम्म्या मुलांच्या आया त्या दिवशी तिच्यासोबत बसल्या होत्या.

सचिव म्हणाले, "बाई चांगली हाय, नाई कोन म्हन्ते? पन जित्त्या मानसाले भित्तीवर चढवत नाई."

आमच्याकडे भिंतीवर मोठी तसबीर लागते ती माणूस गेल्यावर. हार, कुंकू, उदबत्ती, सगळं त्यानंतरचं. म्हणून सचिवांचं बोलणं बऱ्याच जणांना पटलं.

"मंग काका, आता तिच्या मरनाची वाट पाहाची का?" एका मुलीने विचारलं. लोक हसले, पण निकाल लागला नाही. सरपंच म्हणाले, तिलाच विचारा.

आम्ही तिघंचौघं गेलो तेव्हा ती अंगणात तुरीच्या काड्या मोडत होती. आमचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मले जित्तेपनीच पायजे. मेल्यावर मी काय पाहाले येईन?"

तिचा मुलगा दारात उभा होता. पुलगावच्या सूतगिरणीत कामाला जायचा, पस्तिशीचा. घरात ही दोघंच. मागच्या उन्हाळ्यात ती तापाने पंधरवडाभर अंथरुणावर होती आणि रात्रंदिवस तोच तिच्या उशाशी होता.

"माय, काऊन असं बोलून राह्यली? लोक म्हन्तीन, पोरानं जित्तेपनीच माय भित्तीले लावली."

"तं म्हनू दे. तुह्या घरच्या भित्तीवर थोडीच लावून राह्यले?"

त्याने तिच्यापुढच्या काड्यांची मोळी बांधली. शेवटी हो म्हणाला, पण एका अटीवर: तिच्या चित्राला हार घालायचा नाही. आम्ही ते कबूल केलं.

काम दिवाळीनंतर सुरू झालं. चौघांचे जुने फोटो होते. पेंटरने फोटोवर बारीक चौकडी आखली, भिंतीवर निळीच्या दोरीने मोठी, आणि एकेका घरातली रेघ तिकडची इकडे आणली. मुलं घरं वाटून घेत आणि सांगितला तोच रंग भरत. कुणाकडे नुसता कान आला, कुणाकडे टोपीचा काठ. सगळी मुलं इतकी मन लावून काम करताना मी तोवर पाहिली नव्हती. आजीचा फोटोच नव्हता, म्हणून ती तीन दिवस समोर येऊन बसली. दुसऱ्या दिवशी पेंटरला म्हणाली, "सुरकुत्या सोडू नोको, बाबू. फुकट नाई आल्या त्या."

उद्घाटनाला सगळं गाव आलं. मुलींनी पाचही चित्रांवर एका ओळीत खिळे ठोकले होते, कागदी पताका बांधायला. हार चारच आणायचे ठरले होते. पहिल्या सरपंचांच्या थोरल्या सूनबाई घरून ताट घेऊन आल्या, त्यांना अटीचं काही ठाऊक नव्हतं. कुणी रुसू नये म्हणून त्यांनी पदरच्या पैशांनी पाचवा हारही आणला. एका टोकापासून त्यांनी सुरुवात केली. कुंकू, हार, उदबत्ती, नमस्कार. हार तेवढा पेंटर शिडीवरून खिळ्याला अडकवी, अट त्यालाही माहीत नव्हती. सवयीने पाचव्या चित्रालाही तेच केलं, डोळे मिटून हात जोडले.

गर्दीत कुजबूज सुरू झाली. मागून एक म्हातारी म्हणाली, "अवं, ते तं इथंच उभी हाय!"

आजीचा मुलगा पुढे आला. गोदामाच्या दाराशी चुन्याची बादली होती, ती त्याने उचलली. "पुसून टाकतो. म्या पयलेच सांगतलं होतं." सूनबाई ताट घेऊन बाजूला झाल्या. त्याला अडवायला कुणी पुढे होईना.

आजी त्याच्या आणि भिंतीच्या मधे येऊन उभी राहिली. शिडीवरच्या पेंटरला म्हणाली, "तो हार काढ. माहाच हाय ना? मंग इकडं दे." हार तिने गळ्यात घातला आणि आपल्याच चित्राखाली ओट्यावर बसली. सूनबाईंना म्हणाली, "ते उदबत्ती उचल वं, पोरी. मले धूर कायले? चहा पाज."

आधी बाया हसल्या, मग सगळेच. मुलगा बादली धरून तसाच उभा होता. आईकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, बादली खाली ठेवली. "खिळा तेवढा उपटा," म्हणाला, आणि समोरच्या हॉटेलातून चहा आणायला स्वतःच गेला.

दुसऱ्या दिवशी हिशेब केला. मुलींनी मुद्दा काढला की आजीची तीन दिवसांची वेचणी बुडाली. सचिव म्हणाले, मानाच्या कामाचे पैसे कुठे देतात? आजीला विचारलं, तर तिने जराही आढेवेढे घेतले नाहीत. "माह्या हातानं दिवसाले ईस किलो कापूस निंगते. भाव तुमाले मालूम हाय." तेव्हा किलोला पंचवीस पैसे होते. मुलगा म्हणाला, "माय, राहू दे नं." ती म्हणाली, "हक्काचे पैसे कायले राहू द्याचे?"

रंग, ब्रश, हार आणि नारळ यांचा खर्च एकशे सत्त्याण्णव रुपये झाला. पेंटरला ठरल्याप्रमाणे दोनशे रुपये दिले, शिवाय परतीच्या बसभाड्याला तीन. आजीला तीन दिवसांचे पंधरा रुपये दिले. तिने ते मोजून घेतले.