सुधाकाकूंची लांबलेली ट्रान्स्फर

अखिल-पिस्कॅटवे-पाकशास्त्रपारंगत, बीजगणितभयनिवारिणी, पार्किंगस्थलान्वेषणचतुर, तहहयात-द्वितीयवर्षीय, कम्युनिटी कॉलेजच्या ज्येष्ठतम विद्यार्थिनी श्रीमती सुधाकाकू काल पहाटे गेल्या.

झोपेतच. हार्ट अटॅक.

नागपुरात बी.ए.च्या पहिल्याच वर्षी लग्न झाले आणि पदवी राहिली. काका निवर्तल्यावर त्या मुलाकडे, म्हणजे माझा शेजारी निखिल याच्याकडे, इथे अमेरिकेत आल्या आणि कम्युनिटी कॉलेजात नाव घालून मोकळ्या झाल्या.

शिष्टसंकेत असा की तेथे दोन वर्षे क्रेडिट्स जमवावेत आणि पदवीसाठी स्टेट युनिव्हर्सिटीकडे प्रस्थान ठेवावे; यालाच ट्रान्स्फर म्हणतात.

काकूंनी या संकेताचा आदर केला. पालन केले नाही.

दोनाची चार वर्षे झाली. प्रत्येक पॉटलकमध्ये (ज्याने त्याने एक पदार्थ आणावा, सर्वांनी मिळून खावा) समस्त मराठीजनांची एकच पृच्छा. माझीही.

"काकू, ट्रान्स्फर कधी?"

"लग्न कधी विचारतात तसं काय विचारून राहिला रे बाप्पा! आत्ता सिरॅमिक्स घेतलंय. कप तर होऊ दे माझा."

कप झाला. त्याला कान नव्हता. तरीही पेढे वाटले गेले.

निखिल काकुळतीला आला. "आई, प्लीज! हे जास्तीचे क्रेडिट्स तिकडे काउंटच होणार नाहीत. डिग्री तुलाच हवी होती ना?"

हवी होतीच.

माझे ऑफिस त्याच वाटेवर, म्हणून पुष्कळदा मीच त्यांना सोडत असे. मी ड्राइव्ह करायचो, त्या शेजारी बसून काल्पनिक ब्रेक दाबायच्या. एके सकाळी मी विद्वत्प्रचुर समुपदेशन आरंभिले.

त्यांनी मध्येच तोडले.

"तिथे गेले की दोन वर्षांत डिग्री होईल."

"तेच तर उद्दिष्ट, काकू!"

"अन् मग रोज सकाळी तयार होऊन जाऊ कुठे?"

अस्मादिकांनी समुपदेशन आवरून काकूंना कॉलेजच्या दाराशी उतरवले.

पुढे, यंदाच्या वसंत ऋतूत, त्यांच्या वर्गातली मारिसोल अडून बसली. वय एकोणीस, घराण्यात कॉलेज पाहणारी पहिलीच. काकूंच्या डब्यातल्या पिठल्यात तिचा निम्मा वाटा. स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला, तर म्हणे जात नाही. कॅम्पस अवाढव्य, ओळखीचे कुणी नाही.

त्याच संध्याकाळी काकूंनी माझी बेल वाजवली.

"माझा फॉर्म भरून दे. ट्रान्स्फर घेते."

"एकाएकी?"

"पोरगी एकटी कशी जाईल रे? सोबत नको का कोणी?"

काकूंनाही प्रवेश मिळाला. दोघी जाऊन बसचा मार्गही पाहून आल्या.

सत्र पुढच्या आठवड्यात सुरू होते आहे.

काल दुपारी मारिसोल निखिलकडे आली. दारातल्या चपलांपाशी बराच वेळ उभी राहिली. 'काकू' हे त्यांचे नावच आहे, असे तिला वाटते.

"आय विल गो," ती म्हणाली. "काकू वुड बी सो मॅड इफ आय डिडन्ट."

निखिल तिला पहिल्या दिवशी सोडायला जाणार आहे.

सुधाकाकू, साष्टांग नमस्कार. सावकाश जा.

ता. क. एक क्षुद्र व्यावहारिक अडचण. काकू फोन घरीच विसरत, म्हणून युनिव्हर्सिटीला माझा नंबर दिला होता. सकाळपासून मेसेज येत आहेत: 'सुधा, तुमचे ओरिएंटेशन शिल्लक आहे.' बंद करा असे कळवले, तर उत्तर येते की ही विनंती विद्यार्थिनीने स्वतः करावी. कुणास उपाय ठाऊक असल्यास कृपया सांगावा.

हा पाहा, आणखी एक आला.