शाळा सुटताना बघावी

आमच्या शेजारच्या आबांइतका हट्टी परीक्षक अख्ख्या मावळात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर कृपा करून त्याला माझ्या शेजारी पाठवू नका, एक पुरे आहे. आबांनी उभी नोकरी लोणावळ्याच्या घाटात काढली, तीही गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनावर. सगळा जन्म ज्याने गाड्यांची पाठच बघितली त्याला दुसरं काय सुचणार? "आत जानारा माणूस बघू नये ताई, भाएर येनारा बघावा," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. हॉटेलात जेवायचं तर आधी समोर उभं राहून जेवून निघालेल्यांची तोंडं बघणार. दाढ दुखायला लागली तेव्हा दातांच्या डॉक्टरच्या दारासमोर तीन दिवस नुसते उभे राहिले. जो येई तो गाल धरूनच बाहेर येई. "ह्यात आत जान्यासारखं काय हाय?" म्हणत घरी आले आणि लवंग चघळत बसले. शेवटी ती दाढच कंटाळून आपणहून पडली.

शाळेचंही तेच. नात ओवी पहिलीत जायची झाली तेव्हा आबा रोज एकेका शाळेच्या फाटकाबाहेर उभे. घंटा झाल्याबरोबर पोरं सुसाट पळत सुटली तर शाळा नापास. रेंगाळत, मागं वळून बघत, एकमेकांची दप्तरं ओढत आली तर पास. या न्यायाने त्यांनी चार चकाचक शाळा निकालात काढल्या आणि बाजारामागची पत्र्याच्या छपराची शाळा निवडली. सून दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पण ओवी तिथे अशी रमली की रोज सगळ्यांत शेवटी बाहेर यायची, आणि आबा फाटकातून बोंबलायचे, "ओवे! आगं ये की आता, घसा बसला माजा!" माझ्या घरापर्यंत ऐकू यायचं.

तर अशा या घरातल्या नितीनला, म्हणजे आबांच्या मुलाला, जर्मनीत नोकरी लागली. तो पुढे गेला. ओवीची तिकडची शाळा ठरली की मायलेकींनी जायचं असं ठरलं, आणि मग काय विचारता, सल्ल्यांना नुसता ऊत आला. आत्या म्हणाली, भारतीय अभ्यासक्रमाचीच शाळा बघा, परत यायची सोय राहते. मामा म्हणाला, इंग्रजी सोडू नका. कुणा मित्राने चाळीस रकान्यांचा तक्ता पाठवला. खंडाळ्यापलीकडे पाऊल न टाकलेली माणसं जर्मन शिक्षणपद्धतीतल्या उणिवा सांगू लागली. त्यात मीही होते, उगाच खोटं कशाला बोलू?

आबांनी एका वाक्यात सगळ्यांना गप्प केलं. "नितीन, त्यो तक्ता ठेव खिशात. शाळा सुटायच्या टायमाला फाटकासमोर हुबा ऱ्हा आन् मला फोन लाव." फोन अर्थातच माझा, कारण आबांचा स्वतःच्या फोनवर विश्वास नाही. तिकडे दुपारी शाळा सुटते तेव्हा इकडे चहाची वेळ, म्हणजे चहापत्तीही माझीच. परक्या मुलांचं चित्रण तिकडे चालत नाही म्हणून बिचारा नितीन क्रिकेटच्या समालोचनासारखं तोंडी वर्णन करायचा. पहिली शाळा इंग्रजी, भारी फीची. पोरं गाडीत बसली आणि माना खाली घालून फोन बघू लागली. "येकानं बी मागं बघितलं न्हाई? नापास." दुसरी शाळा जंगलातली. तिथे मुलं दिवसभर झाडाखाली, पावसात, चिखलात शिकतात म्हणे. आबा खवळलेच. "त्यासाटी जर्मनी कशाला? आमची राजमाचीची पोरं काय येगळं करत्यात? आन् शाळा सुटली तरी पोरं आदीच भाएर, मंग मी परीक्षा कशी घ्यायची?" नापास.

तिसरी नापास, चौथी नापास. पाचवीच्या फाटकाला गंज होता म्हणून नापास झाली तेव्हा मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शाळा नापास झाली की दुसरी सापडेपर्यंत ओवी आणखी पंधरा दिवस इथेच. कळूनही मी न कळल्यासारखं केलं आणि चहा टाकत राहिले. मग एका संध्याकाळी सून माझ्याकडे येऊन रडली. "काकू, सहा महिने झाले. ओवी बाबांचा पापा घेते तो फोनच्या काचेवर." मागे वळून बघते तर आबा दारात. त्या दिवशी चहा न घेताच गेले.

सहावी शाळा साधी, नगरपालिकेची. नितीन म्हणाला, "आबा, घंटा झाली, पण कुणीच बाहेर येत नाहीये. इथे छत्री घेतलेल्या एक आजी उभ्या आहेत, नातवासाठी."

"त्यास्नी इचार, आजच आसं का रोजच?"

नितीनने मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं. "रोजच म्हणतात. वीस वीस मिनिटं. हाका मारून घसा बसतो म्हणतात."

आबांनी हातातला कप खाली ठेवला. मला राहवेना. फोनवर हात ठेवून मी म्हणाले, "आबा, रेंज गेली म्हणू का?"

"न्हाई ताई. शाळंच्या बाबतीत खोटं बोलू न्हाई." मग माझा हात बाजूला करून फोनमध्ये म्हणाले, "नितीन, पास."

दुसऱ्या दिवशी आबा शाळा सोडल्याचा दाखला काढायला गेले आणि फॉर्म भरायला मला घेऊन गेले. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात मी "वडिलांची नोकरी परदेशी" असं लिहिलं. आबांनी दाखल्याची घडी शर्टाच्या खिशात घातली आणि आम्ही फाटकाशी येऊन उभे राहिलो. घंटा झाली. पोरं आली, पांगली. ओवी अजून आत पायरीवर मैत्रिणींना कसली तरी गोष्ट सांगत बसलेली. शिपाई फाटक लावायला आला तर आबांनी त्याला खुणेनेच थांबवलं.

"हाक मारा की आबा," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या ताई," आबा म्हणाले. "आज यिऊ द्या सावकाश."