विमानाला लावलेलं कुंकू

आमच्या जिल्ह्यात एका माळावर विमान चालवायला शिकवणारी संस्था आहे. तिथल्या विमानांची देखभाल मी करायचो. मस्तगडच्या घरून मोटारसायकलवर जायचं, दिवसभर ग्रीसमध्ये हात घालायचे आणि संध्याकाळी परत. गल्लीतले लोक मला पायलट समजायचे. मी कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

दसऱ्याला आम्ही विमानांची पूजा करायचो. यात हसण्यासारखं काही नाही. ट्रॅक्टरची होते, जीपची होते, मग विमानानंच काय घोडं मारलंय? त्या वर्षी पूजा संस्थेच्या व्यवस्थापकांनी स्वतः केली आणि मोठ्या हौसेनं केली. आमच्या विमानाच्या डाव्या अंगाला, हात पोचेल अशा उंचीवर, एक चकचकीत चकती असते आणि तिच्या मधोमध बारीक भोक. बाहेरच्या हवेचा दाब तिथून आत जातो, आणि त्याच्याच जिवावर उंचीचा आणि वेगाचा काटा चालतो. पण पूजेचं ताट घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ती जागा खास टिळ्यासाठी ठेवल्यासारखी वाटते. साहेबांनी ओल्या हळदी-कुंकवाचं बोट नेमकं तिथे टेकवलं आणि वर अक्षता दाबल्या.

मी फडकं घेऊन पुढे झालो. त्यांनी माझा हातच धरला.

"पूजेचं कुंकू त्याच दिशी पुसतेत का? उद्या सकाळी पुसा."

ते भोक कशासाठी असतं हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. आज कुठे उडायचंय, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. मी साफ केल्याशिवाय विमान जागचं हलवायचं नाही, असा शब्द त्यांच्याकडून घेऊन मी सोनं वाटायला घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तर ते विमान आकाशात होतं. कुणी बडे पाहुणे आले होते, त्यांना उड्डाण दाखवायचं होतं. मला दिलेल्या शब्दाची किंमत एवढीच. विमानात एकटी होती घनसावंगीची एक विद्यार्थिनी, शेतकऱ्याची मुलगी, आमच्याकडच्या सगळ्या पोरांत हुशार. उंचीचा काटा हलत नाही, असं ती रेडिओवर शांतपणे सांगत होती. वेगाचा काटाही खोटं बोलत होता, खऱ्यापेक्षा कमी दाखवत होता. वेग कमी झाला की विमान कोसळतं हे तिला पढवलेलं, म्हणून उतरताना ती वेग वाढवत राहिली. धावपट्टीवर आदळली, उसळली आणि पुढचं चाक मोडलं. मनगट मुरगळण्यावर निभावलं. खोट्या काट्यांवर विमान खाली आणणाऱ्या त्या पोरीची खरं तर पाठ थोपटायला हवी होती.

मी आधी ती चकती पाहिली. भोकात तांदळाचा दाणा घट्ट बसला होता आणि वर कुंकू वाळून टणक झालं होतं.

चौकशी संस्थेनंच केली. उडण्याआधी विमानाभोवती फिरून सगळं तपासणं हे चालवणाऱ्याचं काम, ते हिनं केलं नाही, आणि उतरवतानाही हिचीच चूक, असं ठरलं. तिला काढून टाकायचं, हेही ठरलं. मी तांदळाच्या दाण्याचं सांगितलं तर साहेब म्हणाले, देवधर्मावर खापर फोडू नका. मग मी तिलाच विचारलं, चकतीवरचं कुंकू दिसलं नव्हतं का?

"मी पाह्यलं होतं सर," ती म्हणाली. "नमस्कार केल्ता. पुसायला हात न्हाई गेला."

मला संताप आला. तिच्या वयाच्या कुठल्या पोरीचा हात गेला असता? ज्यांना मी तोंडावर सांगितलं होतं, त्यांचा गेला नाही. श्रद्धा साहेबांची आणि नियम तेवढा पोरीला. पुढे त्यांनी मलाही कमी केलं, त्याचं मला काही वाटलं नाही.

प्रकरण वर सरकारकडे न्यायचं तर तिनं स्वतः तक्रार करायला हवी होती. मी घनसावंगीला गेलो. तिच्या वडिलांनी खाट टाकली, चहा सांगितला. मी काय झालं ते सगळं समजावलं, तुमच्या मुलीचं काही चुकलेलं नाही, ती पुन्हा उडू शकते, हेही सांगितलं. ती दाराशी उभी राहून ऐकत होती. तिच्या डोळ्यांत आशा आली होती, मला स्पष्ट दिसली.

वडिलांनी हात जोडले.

"तुमचे लई उपकार साहेब. पन कुंकवानं इमान पाडलं, अशी तक्रार माझ्या घरातून जायची न्हाई. पोरीचीच चूक झाली म्हना."

माणूस वाईट नव्हता, म्हणूनच मला भांडता येईना. मी तिच्याकडे पाहिलं. संस्थेतले सगळे तेच म्हणत होते तेव्हा ती ताठ उभी होती. आता तिनं मान खाली घातली.

"व्हय सर," ती म्हणाली, "माझीच चूक झाली." आणि माझा अर्धा राहिलेला कप उचलून आत गेली.