विहीणबाईंची बरणी

वरमाई म्हणून मानपान करून घ्यायचा नाही, हे मी मुलाच्या लग्नाआधीच ठरवून टाकलं होतं. माझ्या लग्नात सासरच्यांच्या साड्यांपायी आईने काय काय सोसलं, ते मी पाहिलं होतं. सून अलास्कातल्या बेटावरची, हैडा लोकांतली आहे हे कळल्यावर मला हायसंच वाटलं. तिथे कुठला आलाय मानपान!

नातीच्या बारशाला मात्र मी माझ्या घरून, नेपरव्हिलहून, धुसफुसतच निघाले. हैडांमध्ये मूल आईच्या कुळाचं, नावही त्याच कुळातलं. आत्याने कानात कुर्र करायचा प्रश्नच मिटला. सून डोमकावळ्याच्या कुळातली, म्हणून नातही त्याच कुळातली. आमच्याकडे कावळ्याची आठवण होते ती श्राद्धाला! हैडांच्या दोनच बाजू, डोमकावळा आणि गरुड; नवराबायको एकाच बाजूचे चालत नाहीत, म्हणून लग्नाआधी माझ्या मुलाला गरुडाच्या कुळाने आपलंसं केलेलं. म्हणजे मुलगा त्यांचा, नातही त्यांची, आणि मी कुठलीच नाही. विमानात मी खिडकीकडे तोंड करून चक्क रडले.

गावच्या हॉलमध्ये विहीणबाईंनी नातीला शिंपल्याची बटणं लावलेल्या काळ्या-तांबड्या शालीत गुंडाळून उचललं आणि पणजीचं नाव तिला दिलं. सगळ्यांनी ते मोठ्याने म्हटलं. मीही जीभ वळवून म्हटलं. मग सगळं उलटंच सुरू झालं. यजमानच पाहुण्यांना ब्लँकेटं, टॉवेल वाटत सुटले. विहीणबाई माझ्यापुढे आल्या. हातात घरी धुरी दिलेल्या सॅल्मन माशाची बरणी.

"नको, नको, कशाला उगीच?" मी म्हटलं. आपल्या रीतीप्रमाणे तीनदा म्हटलं. त्यांचा चेहरा पार उतरला. आजूबाजूचे वळून पाहू लागले.

मुलगा धावत आला. "आई, घे ना! रिफ्यूज नको करूस, प्लीज. तू विटनेस आहेस. घेतलं नाहीस तर तू नाव ऐकलंच नाहीस असं होतं!"

मी बरणी अक्षरशः ओढून घेतली. मी मासे खात नाही, हे सांगायचीही छाती झाली नाही. विहीणबाई खुदकन हसल्या, माझा हात धरून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. मुलाने सांगितलं, "त्या म्हणतायत, नाव आमचं, पण ते हिचं आहे हे आम्ही सांगून चालत नाही. ते बापाच्या, गरुडाच्या बाजूने सांगायचं. म्हणजे तुम्ही."

इतका मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

बरणी अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे, न उघडलेली. नात आता चार वर्षांची झाली. व्हिडिओ कॉलवर विचारते, "आजी, टेल मी माय नेम." तिला ते पक्कं येतं, तरी विचारते. मी बरणी कॅमेऱ्यासमोर धरते आणि पहिल्यापासून सांगते: हॉल, शाल, तुझी तिकडची आजी, आणि समोर उभी मी.