लॉनवरचा शॉर्टस्टॉप

खालच्या मजल्यावरचे आजोबा कुठलीच वस्तू जागेवर ठेवत नसत. काम झालं की जिथे असतील तिथे ती टाकायची आणि पुढे जायचं. चष्मा लॉनवर, काठी पार्किंगमध्ये. एकदा तर कवळी कॅम्पस बसच्या स्टॉपवर, बाकावर. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी मी पीएचडी करत होते तेव्हाची ही गोष्ट. कवळी परत द्यायला गेले तर माझ्यावरच उखडले.

"उचललीस कशाला? मी परत येणारच होतो."

हा विसराळूपणा नव्हता, शिस्त होती. आजोबा जुन्या जमान्यातले बेसबॉलचे शॉर्टस्टॉप. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या खिंडीत उभा राहून अंगावर येणारा चेंडू अडवणारा गडी. त्या काळी आपल्या टीमची बॅटिंग आली की फील्डर आपला ग्लोव्ह मैदानातच गवतावर टाकून जात. समोरची टीम त्या ग्लोव्हांमधूनच पळे. तीन गडी बाद झाले की ज्याचा त्याने येऊन उचलायचा.

"कुणी अडखळून पडत नव्हतं?"

"पडायचे की! पण दुसऱ्याचा ग्लोव्ह कुणी हलवत नसे."

पुढे नियम आला, ग्लोव्ह सोबत घेऊन जा. खेळणाऱ्या एकालाही न विचारता, थेट वरून! ऐकून माझं डोकं फिरलं. आजोबा शांत. "मला कुणी कळवलं नाही," म्हणाले, आणि तेवढ्यावर त्यांनी तो नियम जन्मभर पाळला नाही.

बॅटिंगबद्दल विचारलं की म्हणत, "बॅट मी सभ्यपणा म्हणून हातात धरायचो." त्यामुळे करिअर सगळं लहान गावांच्या टीममध्ये आणि खटारा बसमध्ये गेलं. एका मालकाने तर त्यांना बसच्या इंजिनाच्या बदल्यात दुसऱ्या टीमला देऊन टाकलं. मी तेव्हा विद्यार्थ्यांच्या युनियनची पत्रकं लिहायचे. टेबलावर मूठ आपटली.

"माणूस विकला त्यांनी, आजोबा! आणि तुम्ही गप्प बसलात?"

"गप्प कसला? मी जाऊन इंजिन बघून आलो. चांगलं होतं. भंगार असतं तर अपमान झाला असता."

अशा माणसाचं संघटन करायचं कसं, सांगा!

मग अपार्टमेंटच्या मॅनेजरने नोटीस लावली. लॉनवर सामान दिसलं तर घर सोडावं लागेल. वर त्याने ओहायोला, डब्लिनमधल्या त्यांच्या मुलीला फोन केला की वडिलांना वृद्धाश्रमात हलवा. मी त्याच दुपारी पत्रक काढलं : 'लॉन कुणाचं? राहणाऱ्यांचं!' निषेध म्हणून प्रत्येकाने घरातली एकेक वस्तू लॉनवर आणून ठेवायची.

"यार, तू एका कवळीसाठी आंदोलन करतेयस," माझी रूममेट मृण्मयी म्हणाली.

"कवळीसाठी नाही, तत्त्वासाठी!"

मग तिनेही प्रेशर कुकर आणून ठेवला. योगा मॅट आल्या, टोस्टर आला. आजोबा बाहेर आले आणि संतापले. "हा काय उकिरडा मांडलाय? शॉर्टस्टॉपच्या जागेवर टोस्टर?"

त्या गोंधळातच त्यांची मुलगी येऊन पोचली. सत्तरी ओलांडलेली, बारीक, चटपटीत बाई. मी तिच्या हातात पत्रक दिलं आणि भाषण सुरू केलं. तिने ते पूर्ण ऐकून घेतलं.

"आई आजारी होती तेव्हा बाबांनी मलासुद्धा ग्लोव्हशेजारी गवतावर बसवून ठेवलं होतं," ती म्हणाली. "पाच वर्षांची होते मी. माणसं दोन्ही बाजूंनी पळत होती."

मी विचारलं, "मग?"

"मग काय? तिसरा गडी बाद झाल्याबरोबर धावत आले. नेहमी यायचे." तिने पार्किंगकडे बोट दाखवलं. "ती काठी कधीपासून पडलीय?"

काठी शुक्रवारपासून तिथेच होती. चष्मा त्याच्याही आधीपासून. आजोबा हल्ली न्यायला परत येत नव्हते. यावर काय घोषणा द्यायची, ते मला कुठल्याच पत्रकाने शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी सोबत घेऊन जायला तिने त्यांना गाडीत बसवलं आणि उरलेल्या बॅगा आणायला ती आत गेली. मी खिडकीशी तणतणत उभी. "आजोबा, अजूनही उतरा! लढता येईल आपल्याला."

"पोरी, जरा हळू," ते म्हणाले. पट्टा लावून, मांडीवर हात ठेवून ते स्वस्थ बसले होते. "मला हलवू नकोस. तिची बॅटिंग चालू आहे. येईल ती."

ती आली. दोन्ही हातांत बॅगा, आमचा सगळा पसारा चुकवत, लॉनवरून धावत.