फ्यूज वडिलांच्या खिशात होता

त्या दिवाळीत आमच्या घरात कापूस राहत होता आणि उरलेल्या जागेत आम्ही. भाव पडले होते. पुढे चढतील असं सगळेच सांगत, आणि सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे कापूस नव्हता. वडिलांनी पुढची खोली आढ्यापर्यंत भरून टाकली. दार उघडलं की आतून ऊब यायची आणि तिच्याबरोबर बारीक किडे, जे रात्रभर आमच्या अंगाची परीक्षा घेत.

कापूस घरात आला की वडील एक काम स्वतः करत. मीटरच्या फळीवरून त्या खोलीचा फ्यूज उपसून काढत आणि सदऱ्याच्या खिशात टाकत. कापूस विकला जाईपर्यंत तो तिथेच राही. शेजारच्या गावात एका घरचा कापूस ठिणगीने पेटला होता. त्या घराच्या काळ्या भिंती बसच्या खिडकीतून दिसत आणि दर वेळी वडील तिकडे न पाहता बसत. आमच्याकडे बिडी ओढणाऱ्या पाहुण्याला फाटकाबाहेर उभं केलं जाई, मग तो आमचा मामा का असेना.

या घरात मी गेमिंग कॉम्प्युटर घेऊन आलो.

मी यवतमाळला कॉलेजात होतो आणि बहीण राळेगावला बारावीत. कॉम्प्युटरची ती निम्मी मालकीण होती, कारण सुट्टीत दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून तिने तिचे पैसे घातले होते. माझे शिकवणीचे होते. वर्षभर आम्ही एकेक भाग निवडत होतो. मी सायबर कॅफेत बसून इंटरनेटवरची मतं वाचायचो. ती लिहिणारी मंडळी स्वतःला योद्ध्यांची नावं देत आणि प्रोसेसरवरून असे भांडत की वाटावं, हद्दीचा वाद कोर्टात आहे. कोणता पंखा किती आवाज करतो यावर त्यांनी पानंच्या पानं लिहिली होती. वीज गेल्यावर तो पंखा किती आवाज करतो, यावर एक ओळ नव्हती.

प्रोसेसर मध्यम घेतला. रॅम निम्मी घेतली, उरलेली नंतर. मॉनिटर हॉस्टेलमधल्या मित्राने टाकून दिलेला, पोट मागे आलेला. बहीण अडली ती एसएमपीएसवर, म्हणजे बाहेरची वीज घेऊन आतल्या सगळ्या भागांना वाटून देणाऱ्या डब्यावर.

"तो स्वस्तातला नको घेऊ," ती म्हणाली. "गावातली लाइन माहीत हाये ना तुले? घडीत बल्बची चिमणी होते, घडीत सूर्य."

तिचं ऐकलं आणि चांगला घेतला. त्यामुळे ग्राफिक्स कार्डाला पैसे पुरेनात. हे कार्ड नसेल तर गेम चालत नाही, नुसता हिशेब होतो. म्हणून ते जुनं घ्यायचं ठरलं. कॅबिनेट मात्र सगळ्या योद्ध्यांनी एकमताने सांगितलेलं घेतलं, समोर जाळी असलेलं, कारण हवा खेळती पाहिजे. हवेत काय असतं ते कोणी लिहिलं नव्हतं. लिहिणाऱ्यांच्या घरी बहुधा नुसतीच हवा असावी.

दिवाळीला हॉस्टेल बंद झालं. गावी जाताना मी यवतमाळच्या एका दुकानातून उरलेल्या सगळ्या पैशांत ते जुनं कार्ड घेतलं. त्या वेळी दुकानात लाइन नव्हती.

"लावून दाखवलं असतं भाऊ, पण पाहून राह्यले तुम्ही," दुकानदार अंधाराकडे हात करून म्हणाला. "रविवारपर्यंत घरी चालवून पाहा. नाही चाललं तर आणून द्या, पैसे परत. रविवारच्या नंतर तुमचं नशीब."

घरी आल्यावर वडिलांनी आधी कार्डाचा खोका हातात घेतला. त्यावर तलवार घेतलेली एक बाई होती आणि तिच्या मागे आगीचा डोंब.

"याच्यावर जाळ काहून काढला?"

"जाहिरात हाये, बाबा."

"म्हणजे खोटं."

"खोटं."

"सगळं खोटं, का थोडं?"

मी बहिणीकडे पाहिलं. बहीण म्हणाली, "गरम होते ते. पण जाळ नाही निघत."

वडिलांनी खोका खाली ठेवला. आमच्या घरात धड प्लग एकच होता, आणि तो कापसाच्या खोलीत. मी खिशाकडे पाहिलं. त्यांनी मला पाहताना पाहिलं.

"भाव येऊ दे," ते म्हणाले.

भाव रविवारपर्यंत येईल असं कोणत्याही पुढाऱ्याने आश्वासन दिलं नव्हतं, आणि ते बरीच आश्वासनं देत. मी गावात दुसरी जागा शोधू लागलो. प्रत्येक घरात कापूस होता आणि प्रत्येक घरात कोणाच्या तरी खिशात फ्यूज. ग्रामपंचायतीत एक कॉम्प्युटर होता, स्टॅबिलायझरसकट. त्याचं उद्घाटन फेटे बांधून झालं होतं, तेव्हाचा हार अजून त्याच्या गळ्यात होता आणि अंगावरचं प्लास्टिक निघालं नव्हतं. खोलीची किल्ली सचिवांकडे होती आणि सचिव दिवाळीला गेलेले.

शुक्रवारी खेडा खरेदीवाला व्यापारी दारात आला. घरोघर जाऊन कापूस घेणाऱ्या या माणसाने मूठभर कापूस ओढून पाहिला, ओलावा आहे म्हणाला, आणि एक भाव बोलला. वडिलांनी त्याला चहा दिला. भावाबद्दल ते काही बोलले नाहीत, म्हणजे नाही म्हणाले.  मला लाज वाटत होती, कारण त्यांनी हो म्हणावं असं मला वाटलं होतं, आणि तेही कशासाठी, तर एका प्लगसाठी.

शनिवारी सकाळी बहिणीने विषय काढला.

"बाबा, उद्याच्या नंतर तो दुकानदार ते घेणार नाही. माही वेचणी हाये त्याच्यात."

वडिलांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "गोठ्यात कापूस हाये का?"

गोठ्यात कापूस नव्हता. दोन बैल होते, आणि त्यांना वडिलांनी निंबाखाली नेऊन बांधलं. स्वयंपाकघरातल्या लाइनवरून मोटरची जुनी वायर गोठ्यापर्यंत ओढली आणि तिच्या टोकाला प्लगचा बोर्ड जोडला. ओल्या जागेत लोखंडी सळई ठोकून तिच्यावर मिठाचं पाणी ओतलं, हे अर्थिंग. मग एक बादली भरून जवळ ठेवली आणि स्वतः बोर्डाशी उभे राहिले.

"पाणी नका टाकू त्याच्यावर, बाबा," मी म्हणालो. "आधी प्लग काढजा."

"मले नको शिकवू. लाव."

दुपारी लाइन आली. मी बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळीच राहिली, इतका वेळ की बहिणीने माझं मनगट धरलं. मग एका कोपऱ्यात पांढरी अक्षरं उमटली. गेम सुरू झाला, शहरातल्या रस्त्यावरून गाड्या पळवायचा. मी पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. तिसऱ्यापर्यंत चित्र अडखळायला लागलं आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास आला.

मला तो आला तेव्हा वडिलांनी प्लग काढलेला होता.

 बादली त्यांच्या हातात होती. ते पुढच्या खोलीच्या दाराकडे पाहत होते, जे गोठ्यापासून चांगलं लांब होतं.

मी कॅबिनेट उघडलं. कार्डाच्या पंख्याच्या आसाला कापसाचा एक पुंजका गुंडाळून बसला होता. पंखा थांबला होता आणि कार्ड हात लावू देत नव्हतं. कापूस आमच्या कपड्यांवर होता, केसांत होता, चार दिवस घरात पडलेल्या कॅबिनेटच्या प्रत्येक भोकात होता. जन्मभर आम्ही त्याच्यात वावरलो, आणि जाळी निवडताना तो दोघांनाही आठवला नाही.

"मेलं का?" बहिणीने विचारलं.

"माहीत नाही."

"परत नेऊन देऊ मंग. उद्या घेईन ना तो."

"आत कापूस गेला म्हणून बंद पडलं, असं सांगू त्याले?"

तिने विचार केला. मग घरात जाऊन जुनी ओढणी आणली, एक तुकडा फाडला आणि जाळीवर ताणून बांधला. मी चिमट्याने पुंजका ओढून काढला. कार्ड गार होईपर्यंत आम्ही तिघं गोठ्यात बसून राहिलो. लाइन कधीही जाऊ शकत होती.

"आणखीन एक डाव," मी वडिलांना म्हणालो.

"एकच," ते म्हणाले आणि प्लग लावला. हात त्यावरच ठेवला.

स्क्रीन उजळली. पहिलं वळण गेलं, तिसरं गेलं. मी रस्त्याकडे कमी आणि वासाकडे जास्त लक्ष देत होतो. पंखा फिरत होता. बहीण कॅबिनेटला कान लावून बसली होती आणि बोटाने चालू आहे, चालू आहे असं दाखवत होती. तेवढ्यात समोर टँकर आला, माझी गाडी त्यावर आदळली आणि अख्खी स्क्रीन पेटली.

वडिलांनी बादली उचलली.

"बाबा, खेळातलं हाये ते," बहीण म्हणाली.

बादली अर्धवट उचललेलीच राहिली. ते वाकून पाहू लागले. गाडी जळाली आणि पुन्हा नवी होऊन रस्त्यावर आली. मी पुढच्या पुलावर पुन्हा आदळलो आणि पुन्हा जाळ झाला.

"याच्यात सगळं पेटतेच काहून?"

"तसाच बनवला हाये त्याइनं."

वडिलांनी बादली खाली ठेवली.

"कापूस नसल त्याइच्या घरात," ते म्हणाले.

डाव संपला. वास आला नाही. त्यांनी प्लग काढला, वायर गुंडाळली आणि बैल आत आणले. आम्ही कॉम्प्युटर पोत्यात बांधून माळ्यावर ठेवला. रविवारी आम्ही यवतमाळला गेलो नाही. बहिणीने दिवसभरात दोनदा विचारलं, "चालते ना रे, दादा?" आणि मी दोन्ही वेळा चालते म्हणालो, जरी मला एका डावापलीकडे काही माहीत नव्हतं.

संक्रांतीच्या सुमारास कापूस गेला. भाव शुक्रवारच्या त्या व्यापाऱ्याच्या भावाहून फारसा वेगळा नव्हता. तो कोणी मोठ्याने बोलला नाही. मी सुट्टीला घरी आलो तर बहीण खोली झाडून, पुसून, पुन्हा झाडून मोकळी झाली होती आणि भिंतींचे कोपरे ओल्या फडक्याने टिपत होती. वडिलांनी खिशातून फ्यूज काढला. त्याच्या ओझ्याने खिशाची शिवण उसवली होती. त्यांनी तो फळीत बसवला, प्लगपाशी क्षणभर हात धरून पाहिलं आणि बाजूला झाले.

"लाव आता," ते म्हणाले. "अन् ते जाळाचं नको लावू."