गोळीवरचा तळहात

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते पेडणे बाजारातल्या औषधवाल्यांचे. मागितलेली गोळी ते काउंटरवर ठेवायचे आणि तिच्यावर तळहात दाबून विचारायचे, "कोणाक?" उत्तर मिळेपर्यंत हात उठत नसे.

माझ्या गुडघेदुखीवरची गोळी मी एकदा बायकोच्या कंबरेसाठी मागितली. चारचौघांत 'बायको' म्हणायची लाज, म्हणून म्हटलं, "घरात."

"घरात कोणाक? आवशीक, बायलेक काय माजराक?"

गिऱ्हाइकं हसली. मी पुटपुटलो, "बायलेक."

"गुरवार आसा? दिवस गेल्यात?"

"सातवो म्हयनो."

त्यांनी गोळी परत खणात टाकली. "सूज उतरवणारी ही गोळी आता पोटातल्या बाळाच्या काळजाक बाधता. बीए झालंस मरे तू! डॉक्टरणीक विचार."

मी रागावूनच गेलो. डॉक्टरणीने तेच सांगितलं आणि दुसरी, साधी गोळी दिली.

बाळंतपण मयेला, बायकोच्या माहेरी झालं. तिथूनच मी त्यांना पत्र पाठवलं:

"मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. डॉक्टरणीने लिहून दिलेलं खोकल्याचं औषध न्यायला शनिवारी येतो. बायकोसाठी हवं आहे. ती बाळाला अंगावर पाजते."